छोट्या कार्यालयाच्या फायरवॉलसाठी कमी विजेवर चालणारे यंत्र कसे निवडावे

फायरवॉल, म्हणजे कार्यालय आणि इंटरनेट यांच्यामध्ये बसून येणारी-जाणारी वाहतूक तपासणारे यंत्र, रविवारी बंद होत नाही, दिवाळीच्या सुट्टीत बंद होत नाही आणि रात्री शेवटचा माणूस कुलूप लावून गेल्यावरही चालूच राहते. त्यामुळे तिला लागणारा प्रत्येक वॅट वर्षाच्या 8,760 तासांनी गुणूनच पाहावा लागतो. सतत चालणारा एक वॅट म्हणजे वर्षाला पावणेनऊ युनिट. कपाटाशेजारी पडून असलेला जुना डेस्कटॉप दोन नेटवर्क कार्डे घालून फायरवॉल म्हणून वापरला आणि तो सरासरी 50 वॅट घेत असला, तर वर्षाला 438 युनिट जळतात. तेच काम 10 वॅटच्या छोट्या बॉक्सने केले तर 88 युनिट पुरतात. व्यावसायिक जोडणीचा सर्व आकारांसह दर युनिटमागे 12 रुपये धरला, तर फरक वर्षाला सुमारे 4,200 रुपयांचा होतो. म्हणजे फुकट मिळालेला जुना संगणक चार-पाच वर्षांत नव्या बॉक्सची किंमत वीजबिलातून वसूल करतो.

तरीही बिलातली बचत हा या निवडीचा सर्वांत छोटा फायदा आहे, असे माझे मत आहे. लाईट गेल्यावर इंटरनेट किती वेळ टिकते आणि उन्हाळ्यात बंद खोलीत यंत्र किती तग धरते, या दोन गोष्टी कमी वॅटवर थेट अवलंबून असतात, आणि छोट्या व्यवसायाचे खरे नुकसान तिथेच होते. जीएसटी विवरणपत्र भरण्याच्या शेवटच्या दिवशी दोन तास जोडणी गेली, तर त्याची किंमत वर्षभराच्या वीजबिलापेक्षा जास्त असते.

आधी गरज मोजावी

पुढील सर्व विवेचनासाठी एक नमुना डोळ्यांसमोर ठेवू: पंधरा-वीस माणसांचे कर सल्लागाराचे कार्यालय, 200 किंवा 300 मेगाबिटची फायबर लाइन, ती बंद पडल्यास दुसऱ्या कंपनीची एक पर्यायी लाइन, आत टॅलीचा सर्व्हर, घरून आणि दुसऱ्या शाखेतून व्हीपीएनने (इंटरनेटवरच्या कूटबद्ध खासगी वाटेने) येणारी पाच-सहा माणसे, आणि सात-आठ कॅमेरे. महाराष्ट्रातल्या बहुतेक छोट्या कार्यालयांची गरज याच्या थोडी अलीकडे किंवा थोडी पलीकडे असते.

फायरवॉलवरचा भार मेगाबिटपेक्षा पॅकेटच्या, म्हणजे माहितीच्या छोट्या तुकड्यांच्या, संख्येवर ठरतो, कारण नियम तपासण्याचे काम प्रत्येक पॅकेटमागे करावे लागते. एक गिगाबिटची लाइन मोठ्यात मोठ्या आकाराच्या पॅकेटांनी भरली, तर सेकंदाला सुमारे 81 हजार पॅकेटे येतात. तीच लाइन लहानात लहान पॅकेटांनी भरली, तर हा आकडा 14 लाख 88 हजारांवर जातो. माहितीपत्रकात छापलेला ‘फायरवॉल थ्रूपुट’ हा वेगाचा आकडा बहुतेक वेळा पहिल्या, सोप्या परिस्थितीतला असतो. कार्यालयातली खरी वाहतूक या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असते, कारण कॉलमधला आवाज, डीएनएसच्या (संकेतस्थळाच्या नावावरून पत्ता शोधण्याच्या) विचारणा आणि इंटरनेटवरच्या दूरध्वनी सेवेची पॅकेटे लहान असतात. तयार उपकरण घ्यायचे असेल, तर माहितीपत्रकातला सर्वांत मोठा आकडा सोडून व्हीपीएनचा आणि सर्व तपासण्या चालू असतानाचा आकडा पाहावा. तो कित्येकदा पहिल्याच्या एक दशांशापर्यंत खाली आलेला दिसतो.

जोडणी कोणत्या पद्धतीची आहे, हा प्रश्न आपल्याकडे विशेष महत्त्वाचा आहे. बीएसएनएलच्या फायबरसह भारतातल्या अनेक ब्रॉडबँड जोडण्या पीपीपीओई पद्धतीने, म्हणजे वापरकर्तानाव आणि पासवर्ड देऊन, सुरू होतात. अशा बॉक्सवर सहसा बसवल्या जाणाऱ्या पीएफसेन्स आणि ओपीएनसेन्स या दोन्ही फायरवॉल प्रणाली फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टीमवर उभ्या आहेत, आणि तिथे पीपीपीओईची आत येणारी वाहतूक नेटवर्क कार्डाच्या अनेक रांगांत वाटली जात नाही. ती एकाच रांगेत आणि पर्यायाने प्रोसेसरच्या एकाच कोअरवर येऊन पडते. अशा वेळी चार मंद कोअरपेक्षा एका कोअरचा वेग कामाला येतो. 2025 मध्ये आलेल्या पीएफसेन्सच्या 2.8 आवृत्तीत पीपीपीओईसाठी नवी, अधिक वेगवान यंत्रणा दिली आहे, ती तुमच्या यंत्रावर सुरू करून पाहावी. तरीही खरेदी करताना प्रोसेसरची एका कोअरची क्षमता पाहण्याचा नियम सोडू नये. ओएनटीलाच (फायबरची तार ज्यात येते त्या इंटरनेट कंपनीच्या डब्यालाच) पीपीपीओई करायला लावून फायरवॉल त्यामागे बसवणे हाही एक मार्ग आहे. पण त्यात दुहेरी पत्ताबदल होतो आणि बाहेरून येणाऱ्या व्हीपीएनसाठी दोन ठिकाणी वाट काढून द्यावी लागते.

व्हीपीएनसाठी एईएस-एनआय, म्हणजे एईएस कूटलेखन झटपट करण्याची सोय, प्रोसेसरमध्ये असणे आवश्यक मानावे. आयपीसेक आणि ओपनव्हीपीएन हे व्हीपीएनचे प्रकार सहसा एईएस कूटलेखन वापरतात, आणि ही सोय नसलेल्या प्रोसेसरवर त्यांचा वेग कोसळतो. वायरगार्ड हा तिसरा प्रकार चाचा20 ही कूटलेखनाची पद्धत वापरत असल्याने त्याला एईएस-एनआयची गरज पडत नाही, त्यामुळे अगदी साध्या यंत्रावरही तो चांगला चालतो.

राहिली घुसखोरी शोधणारी सुरिकाटासारखी यंत्रणा. ती चालवायची ठरवली तर वीज, मेमरी आणि प्रोसेसर या तिन्हींची गरज एकदम वाढते. आजची बहुतांश वाहतूक कूटबद्ध असल्यामुळे पॅकेटच्या पोटातले तिला फारसे दिसत नाही. वीस माणसांच्या कार्यालयात कॅमेरे, पाहुण्यांचे वायफाय आणि कामाचे संगणक वेगवेगळ्या व्हीलॅनमध्ये (एकमेकांपासून तोडलेल्या आभासी नेटवर्कमध्ये) टाकणे आणि धोकादायक संकेतस्थळे डीएनएसच्या पातळीवरच अडवणे, यातून प्रत्येक वॅटमागे जास्त संरक्षण मिळते. सुरिकाटा हवेच असेल, तर ते लक्षात घेऊन एक पायरी वरचे यंत्र घ्यावे.

प्रोसेसर

कमी विजेच्या फायरवॉलची परंपरा जुनी आहे. 2000 नंतरच्या दशकात मोनोवॉल आणि त्यातून 2004 मध्ये फुटून निघालेले पीएफसेन्स हे स्वित्झर्लंडच्या पीसी इंजिन्स कंपनीच्या अ‍ॅलिक्स बोर्डांवर चालत. 500 मेगाहर्ट्‌झचा एएमडी जिओड प्रोसेसर, पंखा नाही, आणि वीज जेमतेम पाच वॅट. पुढे आलेल्या एपीयू2 बोर्डात एक गिगाहर्ट्‌झचे चार कोअर, इंटेलचे नेटवर्क पोर्ट आणि एईएस-एनआय होते, आणि तो 6 ते 12 वॅटमध्ये वर्षानुवर्षे बिनतक्रार चालला. 2023 मध्ये कंपनीने ही मालिका थांबवत असल्याचे जाहीर केले. जुना एपीयू2 कुणी देत असेल, तर 100-200 मेगाबिटच्या लाइनसाठी तो आजही वाईट नाही. फ्रीबीएसडीवर एकाच प्रवाहात पूर्ण गिगाबिट देणे मात्र त्याला झेपत नाही.

आज या जागेवर इंटेलचा एन100 आहे. 2023 च्या सुरुवातीला आलेल्या या प्रोसेसरमध्ये चार कोअर आहेत, वेग 3.4 गिगाहर्ट्‌झपर्यंत जातो आणि त्याची टीडीपी, म्हणजे उत्पादकाने धरलेली प्रोसेसरची उष्णता, 6 वॅट नोंदवलेली आहे. एका कोअरच्या बळावर तो पीपीपीओईसह गिगाबिटची लाइन सांभाळू शकतो, आणि आपल्या नमुन्यातल्या कार्यालयासाठी मी दुसरा पर्याय शोधत बसणार नाही. त्याआधीचे जे4125 आणि एन5105 हे 10 वॅट टीडीपीचे प्रोसेसरही 300-500 मेगाबिटपर्यंत पुरेसे आहेत आणि स्वस्तात मिळाले तर घेण्यास हरकत नाही.

टीडीपी म्हणजे भिंतीच्या सॉकेटमधून ओढली जाणारी वीज नव्हे, हे इथे ठामपणे सांगायला हवे. 6 वॅटचा प्रोसेसर, चार नेटवर्क पोर्ट, मेमरी, एसएसडी आणि अ‍ॅडॉप्टरमधला अपव्यय धरून एन100 चा बॉक्स शांत असताना साधारण 8 ते 12 वॅट घेतो आणि पूर्ण भाराखाली 20 च्या पुढे जाऊ शकतो. शिवाय अनेक उत्पादक बायोसमध्ये (यंत्राच्या मूळ सेटिंग्जमध्ये) प्रोसेसरची वीजमर्यादा 6 वॅटपेक्षा बरीच वर नेऊन ठेवतात. ती मर्यादा तपासून 10 वॅटच्या आसपास आणली, तर फायरवॉलच्या कामात फरक जाणवत नाही आणि बॉक्सचे तापमान खाली येते.

दोन गोष्टी टाळाव्यात. जे1900 हा 2013 सालचा प्रोसेसर असलेले बॉक्स अजूनही ‘फायरवॉल पीसी’ म्हणून विकले जातात; त्यात एईएस-एनआय नाही. दुसरी गोष्ट जुन्या बाजारातल्या इंटेल अ‍ॅटम सी2000 मालिकेच्या यंत्रांची. सी2358, सी2558, सी2758 हे प्रोसेसर त्या काळी अनेक नामांकित फायरवॉलमध्ये होते. त्यांच्या सुरुवातीच्या आवृत्तीत घड्याळाचा संकेत देणारा भाग झिजून यंत्र कायमचे बंद पडण्याचा दोष 2017 मध्ये उघड झाला. यंत्र चालू स्थितीत दाखवले गेले, म्हणून ते पुढच्या बंद-चालूनंतर सुरू होईलच असे नाही.

ज्यांना पीएफसेन्स किंवा ओपीएनसेन्स नको आहे आणि व्हीपीएनपलीकडे फारशी गरज नाही, त्यांनी ओपनडब्ल्यूआरटी ही लिनक्सवरची राउटर प्रणाली चालणारा एखादा एआरएम (मोबाइलमध्ये असतो त्या प्रकारच्या) प्रोसेसरचा राउटर बोर्ड पाहावा. पाच वॅटच्या आसपास काम होते. मात्र पीएफसेन्सची मोफत आवृत्ती आणि ओपीएनसेन्सची अधिकृत प्रतिमा 64-बिट इंटेल-एएमडी प्रकारच्या प्रोसेसरसाठी असते, त्यामुळे रास्पबेरी पाय हा एआरएम प्रकारचाच छोटा संगणक घेऊन त्यावर ती बसवण्याचा बेत करू नये.

नेटवर्क पोर्ट

फ्रीबीएसडीवर इंटेलचे पोर्ट निवडावेत. रियलटेकचे पोर्ट लिनक्सवर ठीक चालतात, परंतु फ्रीबीएसडीवर भार वाढताच अडखळण्याच्या तक्रारी वर्षानुवर्षे येत आल्या आहेत, आणि दोन-तीन हजार रुपये वाचवण्यासाठी तो धोका घेण्यात अर्थ नाही. 2.5 गिगाबिटच्या इंटेल आय225 च्या पहिल्या आवृत्त्यांत पॅकेटांमधल्या अंतराच्या हाताळणीचा दोष होता. बी3 आवृत्तीत तो दूर झाला, आणि आता बहुतेक बॉक्समध्ये आय226 असतो. विक्रेत्याला नेमका क्रमांक विचारावा. ‘इंटेल लॅन’ एवढे उत्तर पुरेसे मानू नये.

चार पोर्ट असावेत: दोन बाहेरच्या लाइनसाठी, एक आतल्या स्विचसाठी आणि एक राखीव. त्यापेक्षा जास्त पोर्टांचा मोह टाळावा, कारण प्रत्येक चालू पोर्ट थोडी वीज खातो आणि फायरवॉलच्या पोर्टांना स्विचसारखे वापरले, तर आतली वाहतूकही विनाकारण प्रोसेसरवर येते. वेगवेगळे विभाग हवे असतील, तर 802.1क्यू हे व्हीलॅनचे मानक समजणारा आठ पोर्टचा मॅनेज्ड स्विच घेऊन एकाच तारेवरून व्हीलॅन न्यावेत. तांब्याच्या तारेवरचा 10 गिगाबिटचा पोर्ट एकटाच काही वॅट घेतो आणि चांगलाच तापतो. या आकाराच्या कार्यालयाला तो लागत नाही.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या बाजारात मिळणारे नूतनीकृत व्यावसायिक मिनी पीसी हाही चांगला मार्ग आहे. त्यांचा प्रोसेसर दमदार असतो आणि शांत असताना वीज 10-15 वॅटच असते, पण नेटवर्क पोर्ट मात्र एकच. लेनोव्होच्या एम920क्यूसारख्या काही मॉडेलांत रायझर (कार्ड बसवण्याची जोडपट्टी) लावून चार पोर्टचे इंटेल आय350 कार्ड बसवता येते. त्या कार्डाची स्वतःची भूक सुमारे 5 वॅट धरावी. या कार्डाच्या नकला बाजारात मोठ्या प्रमाणावर आहेत, म्हणून ते जुन्या ब्रँडेड सर्व्हरमधून काढलेले आणि त्या कंपनीचा भाग क्रमांक असलेले मिळाले तर उत्तम. यूएसबीला लावायचा नेटवर्क डोंगल चोवीस तासांच्या फायरवॉलसाठी वापरू नये.

पावसाळ्याच्या तोंडावरची एक सूचना. इमारतीबाहेरच्या कॅमेऱ्याची तार थेट फायरवॉलच्या पोर्टात घालू नये. वीज कडाडल्यावर येणारा दाब त्या तारेतून आत शिरतो. मध्ये एखादा साधा पीओई (नेटवर्कच्या तारेतूनच कॅमेऱ्याला वीज देणारा) स्विच आणि सर्ज प्रोटेक्टर असला, तर जळायचे ते तिथेच जळते.

मेमरी, साठवण आणि नोंदी

मेमरीचा हिशोब सोपा आहे. पीएफसेन्समध्ये प्रत्येक चालू जोडणीच्या नोंदीला सुमारे एक किलोबाइट लागतो, म्हणजे दहा हजार जोडण्यांनाही दहा मेगाबाइट पुरतात. 4 जीबीत काम भागते, 8 जीबी घेतले तर सुरिकाटाचीही सोय होते, आणि त्यापुढचे पैसे वाया जातात.

साठवणीचे तसे नाही. अनेक स्वस्त बॉक्समध्ये बोर्डावरच चिकटवलेली ईएमएमसी ही साठवण चिप असते. फायरवॉल सतत नोंदी लिहीत असते, आणि मर्यादित लेखनक्षमतेची ही चिप झिजली की पूर्ण बोर्ड टाकावा लागतो. म्हणून सुटी काढता येणारी 128 जीबीची एसएसडी घ्यावी आणि बसवताना झेडएफएस ही फाइल प्रणाली निवडावी, कारण लिहिता लिहिता लाईट गेली तरी ती आधीची सुसंगत स्थिती राखून असते.

नोंदींना कायद्याचीही बाजू आहे. सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या केंद्रीय संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार कंपन्यांसह संबंधित संस्थांनी आपल्या प्रणालींच्या नोंदी 180 दिवस जपायच्या आहेत आणि यंत्रांची घड्याळे एनआयसी (राष्ट्रीय माहितीविज्ञान केंद्र) किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवून ठेवायची आहेत. सेकंदाला दहा ओळी आणि ओळीमागे 250 बाइट धरले, तर दिवसाला 216 मेगाबाइट आणि 180 दिवसांचे सुमारे 39 जीबी होतात. दाबून साठवल्यावर हा मजकूर पुष्कळच लहान होतो, म्हणजे 128 जीबीत तो आरामात मावतो. तरीही नोंदींची एक प्रत टॅलीच्या सर्व्हरवर किंवा एनएएसवर (नेटवर्कवरच्या साठवण यंत्रावर) पाठवत राहावी, कारण हल्ल्यानंतर सर्वांत आधी पुसल्या जातात त्या फायरवॉलवरच्याच नोंदी.

उष्णता

पंखा नसलेला बॉक्स घ्यावा. पंखा धूळ ओढतो, दोन-तीन वर्षांत घरघरू लागतो आणि तो बंद पडल्याचे कुणाच्या लक्षातही येत नाही. पण पंखा नसला म्हणजे उष्णता आपोआप जाते असे नव्हे. बॉक्सचा खालचा पत्रा चार स्क्रू काढून उघडून पाहावा: प्रोसेसरवर तांब्याचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा असतो आणि तो वरच्या उभ्या धातूच्या पट्ट्यांच्या आवरणाला घट्ट टेकलेला असायला हवा. स्वस्त बॉक्समध्ये मध्ये फट राहते किंवा थर्मल पेस्टचा एक वाळका ठिपका तेवढा असतो. पेस्ट पुसून नवी नीट लावली, तर भाराखालचे तापमान लक्षणीय खाली येते.

अकोला, नागपूर, चंद्रपूर इथे मे महिन्यात बाहेर 45 अंश असते, आणि वातानुकूलन बंद असलेल्या सुट्टीच्या दिवशी भिंतीवरच्या बंद रॅकमध्ये त्याहूनही जास्त असू शकते. प्रोसेसर 100 अंशांच्या पुढेही तग धरतो, पण एसएसडीची मर्यादा सहसा 70 अंशांच्या आसपास असते, आणि बॉक्समध्ये ती प्रोसेसरच्या शेजारीच बसलेली असते. बॉक्सच्या पट्ट्या वर किंवा उभ्या राहतील असा तो भिंतीला लावावा, ओएनटी किंवा स्विचच्या डोक्यावर ठेवू नये आणि रॅकच्या दाराला जाळी असावी.

लाईट जाते तेव्हा

संगणकासाठी मिळणाऱ्या 600 व्हीएच्या साध्या यूपीएसमध्ये 12 व्होल्ट, 7 अँपिअर-तासांची बॅटरी असते, म्हणजे कागदावर 84 वॅट-तास. रूपांतरातला अपव्यय आणि बॅटरीची झीज धरून त्यातले 45-50 हाती येतात. 10 वॅटची फायरवॉल, 8 वॅटचा ओएनटी आणि 7 वॅटचा स्विच मिळून 25 वॅट होतात, म्हणजे पावणेदोन तासांचा आधार मिळतो. फायरवॉलच्या जागी 60 वॅटचा डेस्कटॉप असेल, तर तोच यूपीएस अर्ध्या तासात, कदाचित त्याआधीच, हात टेकतो.

त्याहून चांगला मार्ग 12 व्होल्टच्या डीसी यूपीएसचा आहे. बहुतेक मिनी बॉक्स आणि ओएनटी, तसेच अनेक छोटे स्विच 12 व्होल्टवरच चालतात, त्यामुळे बॅटरीचे 12 व्होल्ट आधी 230 करायचे आणि अ‍ॅडॉप्टरने पुन्हा 12 वर आणायचे, हा फेरा वाचतो. मात्र राउटरसाठी विकला जाणारा 12 व्होल्ट, 2 अँपिअरचा यूपीएस जास्तीत जास्त 24 वॅट देतो. फायरवॉल सुरू होताना प्रोसेसर पूर्ण वेगाने धावतो आणि तेवढ्यात यूपीएसने हात आखडला, तर यंत्र पुन्हा पुन्हा बंद-चालू होत राहते. बॉक्ससाठी निदान 3 अँपिअरचा, आणि ओएनटीसाठी वेगळा घ्यावा. काही बॉक्सना 19 व्होल्ट लागतात, म्हणून खरेदीपूर्वी अ‍ॅडॉप्टरवरचा आकडा वाचावा आणि त्यावर भारतीय मानक ब्युरोची नोंदणी खूण आहे का, तेही पाहावे. आयात केलेल्या बॉक्समध्ये सर्वांत आधी अ‍ॅडॉप्टरच दगा देतो. चांगल्या प्रतीचा एक जास्तीचा घेऊन रॅकमध्येच ठेवावा.

बायोसमध्ये वीज परत आल्यावर यंत्राने आपोआप सुरू व्हावे अशी निवड असते. ती सुरू केल्याशिवाय बॉक्स बसवू नये. रात्री लाईट जाऊन आली आणि सकाळी कुणी बटण दाबेपर्यंत कार्यालय ऑफलाइन राहिले, असे प्रकार हीच एक निवड राहून गेल्यामुळे होतात.

बॉक्स हाती आल्यावर

परत करण्याची मुदत संपण्याआधी तपासणी पुरी करावी. सॉकेट आणि अ‍ॅडॉप्टर यांच्यामध्ये वॅटमीटर लावून शांत असतानाची आणि भाराखालची वीज नोंदवावी. दोन बाजूंना दोन संगणक लावून आयपर्फ या वेग मोजणाऱ्या प्रोग्रामने एका प्रवाहाचा आणि मग अनेक प्रवाहांचा वेग पाहावा. हीच चाचणी व्हीपीएनमधून आणि खऱ्या पीपीपीओई लाइनवर पुन्हा करावी. चाचणी चालू असताना एका कोअरचा वापर शंभर टक्क्यांना टेकला आणि बाकीचे रिकामे दिसले, तर अडचण कुठे आहे ते लगेच कळते. मेमरीची चाचणी रात्रभर चालवावी. प्लग दहा वेळा ओढून लावावा आणि दरवेळी बॉक्स हात न लावता पूर्ण सुरू होतो का, हे पाहावे. शेवटी फायरवॉलच्या मांडणीची (सेटिंग्जची) फाइल उतरवून घ्यावी, ती फायरवॉलखेरीज दुसऱ्या ठिकाणी ठेवावी, आणि बदली एसएसडीवर एकदा ती भरून बॉक्स सुरू होतो याची खात्री करून तीच एसएसडी पाकिटात घालून जास्तीच्या अ‍ॅडॉप्टरशेजारी ठेवावी.